आश्रमशाळेतील डोळे आणि कान

आदिवासी विद्यार्थी शाळेत मागे का पडतो, या प्रश्नाचे एक तयार उत्तर महाराष्ट्रात गेली कित्येक वर्षे प्रचलित आहे. आश्रमशाळेच्या शिक्षकांच्या खोलीत ते उघडपणे दिले जाते, प्रकल्प कार्यालयात थोडे आडवळणाने दिले जाते आणि शहरी सुशिक्षितांच्या बैठकीत सहानुभूतीचा सुस्कारा टाकून दिले जाते. ‘मुलांचे आकलनच कमी आहे,’ असे ते उत्तर. त्याची एक सभ्य आवृत्तीही आहे : ही मुले खेळात तरबेज, त्यांच्या हातात कला, पण पुस्तकी विद्या त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. पहिल्या उत्तरात तुच्छता आहे, दुसऱ्यात कौतुक आहे. व्यावहारिक परिणाम मात्र एकच. दोष मुलाच्या डोक्यात आहे असे एकदा ठरले की तो शासनाच्या अंदाजपत्रकात शोधण्याची गरज उरत नाही.

हा वाद आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करण्यास मनाई केली होती. संसदेने २०१९ मध्ये ती तरतूद सैल केली आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा निर्णायक ठरवली. पुनर्परीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही तो त्याच वर्गात बसेल, असे नियम सांगतो. आदिवासी भागात चौदा वर्षांचा नापास मुलगा त्याच वर्गात बसत नाही. तो बापाबरोबर वीटभट्टीवर जातो आणि त्याची बहीण ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, तर अनुसूचित जमातींची ६६ टक्क्यांच्या आत. हे अंतर नापासाच्या शिक्क्याने मिटेल असे मानणाऱ्यांनी एकदा आश्रमशाळेच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसावे.

अनेक ठिकाणी दिवसाची वर्गखोली हीच रात्रीची निजायची खोली असते. वर पत्रे असतात. पावसाळ्यात त्या पत्र्यांवर सर कोसळू लागली की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. फळा वर्षानुवर्षे पुसून पांढुरका झालेला. अशा वर्गात ज्या मुलाला दूरचे धूसर दिसते तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो आणि चोरी करणारा ठरतो. ज्या मुलीचा कान वाहतो ती हाक मारली तरी वळून पाहत नाही आणि बेपर्वा ठरते. दोघेही तक्रार करीत नाहीत, कारण तक्रार करण्यास तुलना लागते. स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही तो अस्पष्ट दिसते असे कोणत्या आधारावर सांगणार? त्यातही लांबचे न दिसण्याचा दोष बहुधा याच कुमारवयात वाढतो. म्हणजे पाटीवरून फळ्याकडे आणि फळ्यावरून भूमितीच्या आकृत्यांकडे शिक्षण सरकत असते, नेमक्या त्याच वर्षांत डोळा मागे सरकत असतो. घरी आईबापांच्या डोळ्यांवर चष्मा नाही, पाड्यावर कोणाच्याही नाही. अशा परिस्थितीत मुलाला चष्मा हवा असेल ही शंकाच कोणाच्या मनात येत नाही.

कानाची कथा याहून अधिक दुर्लक्षित आहे. कान फुटणे, कान वाहणे हे गरिबांच्या घरी इतके नित्याचे असते की त्याला आजार म्हणण्याची पद्धत नाही. चुलीचा धूर, एका खोलीत दाटीने झोपणारी भावंडे, कुपोषण आणि वारंवारची सर्दी यांतून मधल्या कानाचा जंतुसंसर्ग होतो. त्यावर वेळीच उपचार न झाल्यास पडद्याला भोक पडते आणि कान वर्षानुवर्षे वाहत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ज्या समाजात अशा वाहत्या कानाचे प्रमाण चार टक्क्यांवर जाते तेथे ती सार्वजनिक आरोग्याची मोठी आणि तातडीची समस्या समजावी लागते. हे मूल ठार बहिरे नसते. त्याला ढोल ऐकू येतो, आईची हाक ऐकू येते. ऐकू येत नाहीत ती ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखी बारीक व्यंजने, आणि बोललेल्या शब्दाचा अर्थ तर पुष्कळसा त्यांच्यावरच टांगलेला असतो.

मातृभाषेत माणूस अशा गाळलेल्या जागा सवयीने भरून काढतो. अर्धवट ऐकलेले वाक्य पूर्ण करण्याचे काम कान करीत नाही, भाषेची ओळख करते. मेळघाटातील कोरकू मुलाला मात्र ही सवलत नाही. त्याची भाषा मुंडा कुळातली, शाळेची मराठी आर्यकुळातली. गोंडी आणि कोलामी तर द्राविड कुळातल्या. म्हणजे एकाच मुलावर दोन भार एकदम पडतात. अर्धा शब्द कानापर्यंत पोहोचत नाही आणि जो पोहोचतो त्यावरून उरलेला ओळखावा इतकी ती भाषा त्याची नाही. मुंबईच्या मराठी शाळेतील वाहत्या कानाचा मुलगा आणि धारणीच्या आश्रमशाळेतील वाहत्या कानाचा मुलगा यांचा वैद्यकीय दोष एकच असला तरी शैक्षणिक हानी एक नाही. राज्यघटनेतील ३५० अ हे कलम १९५६ पासून प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगत आहे. शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलमही शक्य तेथवर मातृभाषेचाच आग्रह धरते. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा त्याच कायद्याचा हवाला देऊन तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली.

डोळे आणि कान यांच्या मागे रक्त आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हा आकडा सर्व वर्गांचा आहे. डोंगरकपारीतील मुली त्याहून सुदृढ असतील असे कोणीही म्हणणार नाही. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा आणि गडचिरोलीच्या माडिया-गोंड समाजांत सिकलसेलचेही प्रमाण मोठे आहे. या आजारात काही मुलांच्या मेंदूला असे सूक्ष्म आघात होतात की हातपाय लुळे पडत नाहीत, बाहेरून काही कळतही नाही, पण लक्ष आणि स्मरण दुबळे होते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि कार्डे वाटली. ते कार्ड हाती असलेल्या मुलाच्या शिक्षकाने त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे, अशी सांगड मात्र घातली गेली नाही.

यावर एक विद्वान पक्ष असा युक्तिवाद करतो की हे सर्व मान्य केले तरी मूळ संवेदनशक्तीतच वंशागणिक फरक असतो. या पक्षाचा इतिहास उद्बोधक आहे. १८९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधील टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर गेली. तीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी मूलनिवासींची दृष्टी मोजली. हेच गृहस्थ पुढे निलगिरीत येऊन तोडा जमातीच्याही चाचण्या घेऊन गेले. बेटवासीयांची नजर इंग्रजांपेक्षा कमी भरली नाही, उलट किंचित सरस भरली. बाणांच्या टोकांमुळे समान रेषा असमान भासतात तो सुप्रसिद्ध दृष्टिभ्रम घेतला, तर त्यात बेटवासी इंग्रजांपेक्षा कमी फसले. आता साम्राज्याच्या शास्त्राने काय करावे? रिव्हर्स यांनी निष्कर्ष काढला की इंद्रियांच्या तपशिलावर इतकी शक्ती खर्च झाल्यावर वरच्या बौद्धिक मजल्याला ती अपुरी पडणे साहजिकच आहे. म्हणजे मूलनिवाशाला कमी दिसले तर तो मंद, आणि जास्त दिसले तर त्यामुळेच मंद. निकाल आधी लिहिलेला होता. पुरावा त्याखाली चिकटवावयाचा होता इतकेच.

दक्षिण आफ्रिकेत विल्यम हडसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे असेच झाले. शिकारी, हरिण आणि दूरवरचा हत्ती अशी चित्रे खाणकामगार, मजूर आणि विद्यार्थी यांना दाखवून चित्रातली खोली कोणाला उमगते हे त्यांनी पाहिले. आफ्रिकी माणसाला चित्रातली खोली दिसत नाही, एवढेच वाक्य जगभर फिरले. त्याच अभ्यासात गोऱ्या मजुरांचीही गत काळ्या निरक्षरांसारखीच निघाली होती, हे वाक्य फिरले नाही. चित्र वाचणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, ती कातडीच्या रंगातून येत नाही, असे त्या आकड्यांतून सरळ निघत होते.

याच्या उलट बाजूचा पुरावाही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील बारा ते सोळा वर्षांच्या मूलनिवासी मुलामुलींपुढे ज्युडिथ कीअरिन्स यांनी निरनिराळ्या वस्तू मांडल्या, त्या विस्कटल्या आणि पुन्हा जागच्या जागी मांडावयास सांगितले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मूलनिवासी मुलांनी गोऱ्या मुलांना स्पष्टपणे मागे टाकले. गोरी मुले वस्तूंची नावे पुटपुटत होती. वाळवंटातली मुले निश्चल बसून नुसती पाहत होती. हीच मुले शाळेत नापास होत होती.

ती का नापास होत होती याचा पत्ता त्यांच्या कानांत आणि डोळ्यांत लागतो. डॉ. फ्रेड हॉलोज यांनी १९७६ ते १९७८ या काळात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात लाखावर माणसांचे डोळे तपासून खुपरीचे थैमान देशापुढे मांडले. पुढे २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत मूलनिवासी बालकांची नजर इतर ऑस्ट्रेलियन बालकांपेक्षा चांगली आढळली, आणि त्याच समाजातील प्रौढांत अंधत्व मात्र सहापट. निसर्गाने दिलेली उत्तम दृष्टी एका पिढीच्या आत कोणी काढून घेतली, याचे उत्तर वंशशास्त्रात मिळत नाही. ते घरांच्या, पाण्याच्या आणि दवाखान्यांच्या हिशेबात मिळते. कानांचा शेवट आणखी उदास आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या तुरुंगांतील मूलनिवासी कैद्यांची तपासणी झाली, तेव्हा दहांतील नवांहून अधिकांची श्रवणशक्ती उणी निघाली. वर्गात ज्याला ऐकू येत नव्हते तो पोलिसापुढे उद्धट ठरला आणि न्यायालयात निरुत्तर.

महाराष्ट्राला हे परके वाटण्याचे कारण नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांना जगाने डोक्यावर घेतले आणि शासनाने २०११ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. वारली चित्र एकाच भिंतीवर शेत, तारपा, लग्नचौक आणि डोंगर एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी पाहते. त्या पाहण्याचे स्वतंत्र व्याकरण आहे. त्याच वारल्यांचे पोर विज्ञानाच्या पुस्तकातील फुलाच्या उभ्या छेदापुढे गोंधळते, तेव्हा हा छेद कसा वाचायचा हे त्याला कोणी शिकवले होते का, असे विचारले जात नाही. मंत्रालयाच्या दालनात ज्या नजरेचे कौतुक होते ती वर्गात शून्य गुण मिळवते.

आता कायद्याकडे वळावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले. तिच्या व्याख्येत संवेदनविषयक अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांत सूट अशा सवलती मिळतात. या सवलती न्याय्य आहेत आणि ज्या शहरी पालकांनी झगडून त्या मिळवल्या त्यांचा हेवा करण्याचे कारण नाही. पण प्रमाणपत्र देणारे केंद्र मोठ्या रुग्णालयात असते, चाचणी शाळेच्या भाषेत होते आणि मुलाला घेऊन चार-चार खेपा घालणारा पालक रोजंदारी बुडवू शकणारा असावा लागतो. शिवाय निदानाच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ज्याची दृष्टी वा श्रवण दुरुस्त केलेले नाही, ज्याला शाळेची भाषा नीट येत नाही किंवा ज्याला पुरेसे शिकवलेच गेलेले नाही, त्याच्या अडचणीला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. शास्त्रदृष्ट्या हा संकेत योग्यच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की आदिवासी मुलाला चारी बाजूंनी दार बंद आहे. आधी डोळे तपासा म्हणावे तर ते तपासलेले नाहीत. कान तपासा तर तेही नाहीत. भाषा त्याची नाही. मग खरोखर अक्षमता असलेले मूल कोणते आणि नुसता चष्मा हवा असलेले कोणते, हे कळण्याचा मार्गच राहत नाही. शहरातल्या मुलाला निदान मिळते, पाड्यावरच्या मुलाला विशेषण मिळते.

शासनाकडे योजना नाही असे नाही. शून्य ते अठरा वयाच्या प्रत्येक बालकाच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, आणि तो सुरू झाला पालघरला, म्हणजे वारली-कातकरी-कोकणा यांच्या भूमीत. दृष्टिदोष, श्रवणदोष, वाहता कान, अध्ययनातील अडचण, रक्तक्षय हे सारे त्याच्या यादीत आहे. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे पथक शाळेला वर्षातून एकदा भेट देते. यादी निर्दोष आहे. प्रश्न पुढच्या पावलाचा आहे. पथक आरोग्य खात्याचे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याची आणि परीक्षा शिक्षण खात्याची. पथकाने ‘पुढील तपासणी आवश्यक’ असे लिहिले तर मुलाला जिल्हा रुग्णालयात कोणी न्यावे, त्या दिवशीचा प्रवासखर्च कोणत्या शीर्षाखाली पडावा, चष्मा आल्यावर मुलगा सुटीत घरी गेला असेल तर तो कोणी पोहोचवावा, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांवर कार्यक्रम अडतो. तपासलेल्यांचा आकडा वर जातो; चष्मा नाकावर चढलेल्यांचा आकडा कोणी मागत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही निव्वळ उधळपट्टी आहे. आश्रमशाळेतील एका मुलावर शासन वर्षभर निवास, भोजन, गणवेश आणि शिक्षकांचे वेतन यांचा खर्च करते, आणि काही शे रुपयांच्या चष्म्याअभावी तो खर्च मुलापर्यंत पोहोचत नाही. कालवा खणावा आणि शेतात पाणी नेणारी चारीच काढू नये, तसे हे झाले. चीनच्या शान्सी आणि गान्सू प्रांतांत ग्रामीण शाळकरी मुलांना मोफत चष्मे दिल्यावर गणिताचे गुण वाढल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांना जवळचे दिसण्याचे चष्मे दिल्यावर पत्ती खुडण्याचे त्यांचे काम चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. तो अभ्यास २०१८ चा. याच मळ्यांत छोटा नागपूरच्या आदिवासींचे पूर्वज मजूर म्हणून नेले गेले होते. चाळिसाव्या वर्षी पत्ती खुडण्यास उपयोगी पडणारे डोळे चौदाव्या वर्षी पुस्तक वाचण्यास उपयोगी पडले असते, हे मानवी भांडवलाची भाषा बोलणाऱ्यांच्या लक्षात येऊ नये याचे नवल वाटते. सुकथनकर समितीच्या १९९२ च्या शिफारशीनंतर राज्याच्या योजनाखर्चाचा सुमारे नऊ टक्के वाटा आदिवासींसाठी राखण्याचे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले. त्या वाट्यातून रस्ते आणि इमारती होतात, कारण त्यांना कंत्राटदार असतो. वाहत्या कानाला कंत्राटदार नाही.

येथे समाजवादी चळवळीनेही स्वतःकडे पाहावयास हवे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्यांत हजारो आदिवासी होते. त्यांच्या पायांवरचे फोड शहराने पाहिले, वनजमिनीच्या हक्काची मागणी ऐकली. ती मागणी मूलभूतच आहे. पण वनहक्क, वसतिगृहे, शिष्यवृत्ती, शिक्षकभरती यांच्या आपल्या मागणीपत्रांत डोळे आणि कान सहसा नसतात. नेत्रतपासणी म्हणजे शेटजींचे शिबिर, चष्मेवाटप म्हणजे दानधर्म, अशी एक अढी कार्यकर्त्यांच्या मनात बसली आहे. शिबिर दानाचे असेल; तपासणीचा आणि उपचाराचा हक्क दानाचा नाही. चळवळीने सोडलेली जागा दानशूरांनी व्यापली, तर दोष त्यांचा नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभे केले तेव्हा मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली आणि शिंपले, खडे, पाने, बिया यांवर मुलांच्या डोळ्यांचे, कानांचे आणि बोटांचे शिक्षण उभारले. शहरातून आणलेल्या साधनांवाचून हे होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या शताब्द्या साजऱ्या झाल्या. त्यांची पद्धत आश्रमशाळेच्या दारातून आत गेली नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात. सहा मीटर लांबीची दोरी आणि ‘ई’ या अक्षराचा, निरनिराळ्या दिशांना तोंड केलेला तक्ता एवढ्यावर प्राथमिक दृष्टितपासणी होते. त्यासाठी मुलाला वाचता येण्याचीही गरज नसते, त्याने हाताने दिशा दाखवली की पुरे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी कळवून आणि त्यांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलामुलीची अशी तपासणी पहिल्या पंधरवड्यात करवून घ्यावी. कोणाचा कान वाहतो याची यादी अधीक्षकांकडून आणि स्वयंपाकिणीकडून घ्यावी. वर्गशिक्षकापेक्षा ती अधिक बरोबर असते. याद्या प्रकल्प अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी या दोघांना एकाच दिवशी द्याव्यात व पोच घ्यावी. ज्या मुलाचा चष्मा वा कानाचा उपचार परीक्षेपूर्वी झालेला नाही, त्याला पाचवीत वा आठवीत मागे ठेवता कामा नये, ही मागणी त्या पोचपावत्यांसह जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावी, आणि सप्टेंबरात पहिली घटक चाचणी होईल तेव्हा किती मुलांच्या नाकावर प्रत्यक्ष चष्मा आहे हे वर्गात जाऊन मोजावे.